आजारपणात मांजर आणायचं तर पिल्लू की मोठं?

माझी केमो सुरू व्हायला तीन आठवडे होते, तेव्हा धाकट्या बहिणीनं एक फोटो पाठवला. मूठभर पिल्लू, कान डोक्याहून मोठे. खाली एवढंच लिहिलेलं: "ताई, आणू का? दिवसभर एकटी पडून काय करशील?" दोन दिवस मी तो फोटो उघडून उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी कळवलं, नको. मांजर नको असं नव्हतं, पिल्लू नको होतं. शेवटी घरात आली ती चिंधी. वय सहाच्या आसपास, एका कानाचं टोक गेलेलं, शेल्टरमध्ये महिनोन् महिने कुणी ढुंकूनही न पाहिलेली. कान भांडणात गेला असेल असं मला वाटलं होतं. रस्त्यावरच्या मांजरीची नसबंदी झाल्याची ती खूण असते, हे नंतर समजलं.

आता ओळखीत कुणाला मोठा आजार निघाला आणि घरात मांजराचा विषय आला, की फोन मला येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: मोठं मांजर घ्या, आणि तेही घरात दुसरं धडधाकट माणूस असेल तरच. पण असा निर्णय एका वाक्यावर कुणी घेऊ नये, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

पहिले दिवस

इथे पिल्लू सरळ जिंकतं. ते पहिल्याच संध्याकाळी मांडीवर येईल, हातावर झोपेल, घरातल्या सगळ्यांना हसवेल. निदान झाल्यापासून ज्या घरात कुणी मोठ्यानं हसलेलं नसतं, तिथे ही गोष्ट लहान नाही.

रेस्क्यू केलेलं मोठं मांजर असं काही करत नाही. ते कपाटामागे जातं आणि तिथेच राहतं. चिंधी दहा दिवस पलंगाखाली होती. ती रात्री जेवायची, आम्हाला फक्त रिकामी वाटी दिसायची. रेस्क्यू करणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळलेलं, तीन महिन्यांत घर आपलं झालेलं. आजारी माणसाला हा हिशेब जड जातो. ज्याला आज आधार हवाय त्याला तीन महिने थांबा कसं सांगायचं?

म्हणून आणण्याची वेळ महत्त्वाची. उपचार सोमवारी सुरू होणार आणि मांजर रविवारी आणलं, असं करू नका. बऱ्याच केमोंमध्ये औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या काळात घरात नवा प्राणी नकोच. दोन-तीन आठवडे आधी आणा, नाहीतर पेशी वर आल्यावर डॉक्टरांना विचारून.

रात्री

मोठं मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं. तुम्हीही तेवढेच पडून असता. एवढं जुळणारं वेळापत्रक तुम्हाला घरातल्या कुठल्याच माणसाबरोबर सापडणार नाही. पिल्लूही खूप झोपतं, पण जागं होतं तेव्हा पांघरुणाखाली हललेल्या पायाच्या बोटावर झडप घालतं. पहाटे चार वाजता, मळमळ नुकतीच थांबून डोळा लागलेला असताना, ही झडप गोड वाटत नाही.

जंतू: जिथे खरा फरक पडतो

माझ्या डॉक्टरांनी मांजर आणण्याला हरकत घेतली नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "वय किती?" तेव्हा तो मला विचित्र वाटला. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात एक वर्षाखालचं मांजर टाळा असं स्पष्ट म्हटलेलं असतं, हे नंतर वाचलं.

याला कारणं आहेत. बार्टोनेला नावाचा जिवाणू मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो आणि ओरखड्यातून माणसात येतो. तो रक्तात बाळगणाऱ्यांत पिल्लांचं प्रमाण जास्त, आणि ओरखडे काढणाऱ्यांतही पिल्लांचंच. निरोगी माणसाला त्यानं गाठी येतात, थोडा ताप येतो, बहुतेकदा आपोआप बरं होतं. प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसात तो यकृतापर्यंत पोचू शकतो. गजकर्णाची बुरशी पिल्लांच्या अंगावर जास्त आढळते. पोट बिघडलेलं पिल्लू साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर घेऊन आलेलं असू शकतं. मोठ्या, लसीकरण झालेल्या, जंत आणि पिसवांचं औषध दिलेल्या, घरातच राहणाऱ्या मांजरात हे सगळं शून्य होत नाही, पण बरंच खाली येतं. मांजराला कच्चं मांस मात्र द्यायचं नाही, मोठं असो की लहान.

आता टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, म्हणजे नातेवाइकांचा आवडता विषय. "घरात मांजर? या अवस्थेत?" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की शेवटी उत्तर पाठ झालं. मांजराला हा संसर्ग पहिल्यांदा होतो, तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून या परजीवीची अंडीसदृश रूपं बाहेर पडतात. पुढच्या आयुष्यात बहुधा पडत नाहीत. बाहेर पडल्या पडल्या ती संसर्ग करू शकत नाहीत, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला तर साखळी तिथेच तुटते. माणसांना हा संसर्ग अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून, मातीतूनही होतो. धोका ट्रेमध्ये असतो, मांडीवर घुरघुरणाऱ्या मांजरात नव्हे. ट्रे रुग्णानं साफ करायचा नाही, दुसऱ्या कुणी करायचा, रोज करायचा. दुसरं माणूस हवं असं मी म्हणते ते यासाठी. अगदीच कुणी नसेल तर हातमोजे, मास्क आणि नंतर साबणानं हात, पण ती तडजोड झाली.

एका बाबतीत मोठ्या मांजराची बाजू पडती आहे, तेही सांगायला हवं. पिल्लू खेळता खेळता चावतं. घाबरलेलं मोठं मांजर जीव वाचवायला चावतं, आणि खोल चावतं. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून ठिपका दिसतो, आत पाश्चुरेला नावाचा जिवाणू खोलवर सोडलेला असतो आणि चोवीस तासांच्या आत हात सुजू शकतो. उपचार सुरू असताना चावा लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. लगेच धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शिवाय शेल्टरमधून निवडताना फोटोवर जाऊ नका. कुणीतरी तासभर त्या मांजराजवळ बसून यावं. उचलल्यावर काय करतं, पाठीवरून हात फिरवला तर शेपूट आपटतं का, आवाजाला किती दचकतं हे पाहावं. मोठ्या मांजराचा हाच तर फायदा आहे की स्वभाव आधी बघता येतो. पिल्लाचा स्वभाव वर्षभरानं कळतो.

एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू) असलेली मांजरं शेल्टरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांचा विषाणू माणसाला होत नाही. पण त्यांचीही प्रतिकारशक्ती कमी असल्यानं दुसरे जंतू त्यांच्यात जास्त काळ टिकू शकतात. आपल्यासारखंच आहे बिचारं असं वाटून मन ओढ घेतं, माझंही घेतलं होतं. तरी आधी पशुवैद्यांना विचारा आणि मग स्वतःच्या डॉक्टरांना.

नळ्या, गोळ्या आणि फुलं

आजाऱ्याच्या खोलीत पिल्लाला खेळण्यांची कमतरता नसते. सलाईनची नळी, ऑक्सिजनची नळी, दंडातून बाहेर आलेली पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत घातलेली बारीक नळी), सगळं लोंबतं आणि हलतं. मोठं मांजर एकदा हुंगतं आणि विषय संपतो.

औषधांचं मात्र दोघांनाही सारखंच भय. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फार दुबळी असते. त्वचेच्या कर्करोगावर लावतात ते फ्लुरोयुरॅसिल मलम नुसतं चाटलं तरी जिवावर बेततं. फ्लर्बिप्रोफेन असलेल्या वेदनाशामक मलमांमुळे मांजरं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये इशारा दिला होता. मालकानं मलम स्वतःच्या अंगाला लावलं होतं, मांजराला नव्हे. केमोनंतरचे एक-दोन दिवस आपल्या उलटीत आणि लघवीतही औषध उतरतं, तेव्हा संडासाचं दार बंद. आणि भेटायला येणारे गुच्छ! त्यात लिली असेल तर दारातूनच परत पाठवा. पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं.

आधार म्हणजे नक्की किती

इथे जरा हात राखून बोलते. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारातून उठलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभराचा हिशेब मांडला. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. हे आकडे तेव्हापासून सगळीकडे फिरतात. त्याच फ्रीडमन यांनी १९९५ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा पाहिलं, तेव्हा कुत्रा पाळणाऱ्यांत फरक दिसला, मांजर पाळणाऱ्यांत दिसला नाही. हे दुसरं कुणी पुढे पाठवत नाही. घुरघुरण्याची कंपनं साधारण २५ ते १५० हर्ट्झची असतात आणि त्यांनी हाडं जुळतात, असंही ऐकू येतं. माणसात ते सिद्ध झालेलं नाही. मांजर औषध म्हणून आणू नका.

मग मिळतं काय? मांजराच्या अंगाची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते, आपल्यापेक्षा वर. थंडी वाजून हात बधिर झालेले असताना पोटाशी ती ऊब असणं हा सांत्वनाचा सगळ्यात साधा प्रकार. आणि दुसरं: चिंधीनं मला कधी "आज कसं वाटतंय" विचारलं नाही. घरातला प्रत्येकजण माझा चेहरा वाचत असायचा, त्यामुळे मला चेहरा सांभाळावा लागायचा. तिच्यासमोर तो सांभाळायची गरज नव्हती. केस गेले त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, उशीवर पडलेल्या केसांवर जाऊन झोपली. अकराव्या दिवशी पलंगाखालून बाहेर आली ती माझी कीव येऊन नव्हे, उन्हाचा तुकडा माझ्या पायाशी पडला होता म्हणून. मला ते फार बरं वाटलं. माझ्या आजाराशी संबंध नसलेलं काहीतरी घरात चाललं होतं.

पिल्लू हे देऊ शकत नाही असं नाही. पण ते आधी मागतं.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथल्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा बोका होता. अखेरच्या तासांत असलेल्या रुग्णांजवळ तो जाऊन झोपतो, असं २००७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि तो जगभर गाजला. लोक ती गोष्ट थोड्या भीतीनं सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं, की कुणाजवळ तरी कुणीतरी होतं.

पुढची वर्षं

हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, म्हणून मी विचारते. पिल्लू पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त जगेल. तुम्हाला पुढच्या दोन वर्षांचं नक्की माहीत नसेल तर त्याचं काय? याचा अर्थ घेऊ नका असा नाही. कोण सांभाळेल त्या माणसाशी आधी बोला आणि ते लिहून ठेवा. दहा-बारा वर्षांचं मांजर घेतलं तर हे ओझं हलकं होतं, पण म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचे विकार फार. तुमच्या तपासण्यांच्या तारखांत त्याच्याही तारखा शिरतील, आणि उपचार चालू असतानाच ते जाण्याची शक्यता धरावी लागेल. मला विचाराल तर तीन ते आठ वर्षांचं बघा.

मधला रस्ता फोस्टरचा: मांजर तुमच्याकडे राहतं, जबाबदारी संस्थेची. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर ते परत जाऊ शकतं. फक्त संस्थेला आपला आजार स्पष्ट सांगा, कारण फोस्टरला बहुतेकदा पिल्लं किंवा आजारी मांजरंच येतात, म्हणजे जी टाळायची नेमकी तीच.

घरात आधीपासून मांजर असेल तर या तुलनेत पडूच नका. त्याला कुठे देऊन टाकू नका, ट्रेचं काम दुसऱ्याकडे द्या आणि तपासणी करून घ्या. बोनमॅरो प्रत्यारोपण नुकतंच झालंय, दमा आहे, किंवा घरात तुम्ही एकट्याच आहात आणि उठवतही नाही, तर सध्या कुठलंच नको.

बहिणीनं फोटोतलं ते पिल्लू शेवटी स्वतःकडेच ठेवलं. आतापर्यंत त्यानं तिचे तीन चार्जर आणि एक हेडफोन कुरतडलाय. माझी पिक लाइन सहा महिने दंडात होती. चिंधीनं ती पहिल्या दिवशी हुंगली तेवढीच.