गॅलरीसाठी नक्षीदार मातीची कुंडी: फ्लोरेन्सचे तोरण की तुळशी वृंदावन?

मुंबईच्या फ्लॅटमध्ये जुन्या घडणीची, हातकामाची भाजक्या मातीची कुंडी ठेवायची म्हटले, की निवड बहुधा दोन घराण्यांतून करावी लागते. पहिले घराणे इटलीतील फ्लोरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावाचे आहे. फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची या राजघराण्याच्या उद्यानांत लिंबाची झाडे ज्या मोठ्या कुंड्यांत लावली जात, त्यांच्या पोटावर फळापानांची तोरणे, ढाली आणि सिंहमुखे उठावाने काढलेली असत, आणि आजही या घडणीच्या प्रतिकृती त्याच खुणा मिरवतात. दुसरे घराणे आपल्या वाड्यांच्या अंगणातल्या तुळशी वृंदावनाचे: चौकोनी बांधा, खाली जोते, समोर पणतीसाठी देवळी आणि काठाला पाकळ्यांची नक्षी.

इम्प्रुनेताच्या कुंडीची ख्याती तिच्या मातीमुळे आहे, कारण तिथल्या हिवाळ्यात भांड्यात मुरलेले पाणी गोठून फुगते तेव्हाही ती तडकत नाही. पारा शून्याखाली जाणेच माहीत नसलेल्या शहरात अस्सल इटालियन कुंडीसाठी चढा दर मोजणे म्हणजे कुलाब्यात लोकरीचा कोट घेण्यासारखे आहे. इथे परीक्षा जून ते सप्टेंबरच्या पावसाची आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची असते. सिंहाच्या जबड्यात आणि तोरणाच्या खाचांत पाणी साचून शेवाळ धरते, क्षारांचे पांढरे डाग पडतात, आणि चार महिन्यांनी नारळाच्या काथ्याने घासावे लागते तेव्हा खोल उठावाची सुंदर कुंडी जिवावर येते. कुणाला ही जुनी झाक आवडतेही, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण विकत घेण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

त्याहून मोठा प्रश्न वजनाचा आहे. आतून 45 सेंटिमीटर व्यास आणि तितकीच उंची असलेल्या सरळ कुंडीत सुमारे 70 लिटर माती मावते आणि पावसात भिजलेली ती माती 100 किलोंच्या पुढे जाते. कुंडीचे स्वतःचे वजन वेगळेच. अशी एखादी कुंडी गॅलरीत भिंतीलगत ठेवता येईल, पण कठड्यालगत चार-पाच ओळीने मांडण्यापूर्वी, विशेषतः जुन्या इमारतीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारणेच बरे. तोरणाची कुंडी मोठ्या आकारातच शोभते, त्यामुळे तिचे खरे स्थान गच्ची किंवा बंगल्याचे अंगण आहे.

वृंदावन आटोपशीर असते, उंबऱ्यापाशीही मावते. मात्र पुष्कळ वृंदावनांत मातीची जागा ओंजळभरच असते आणि बुडाला भोक नसते. अशात तुळस पावसाळ्यात मुळांशी कुजते, आणि दोष मात्र नजर लागण्याला दिला जातो. किमान वीतभर खोली आणि बोटभर जाडीचे भोक नसेल, तर ते शोभेचे मानून सोडून द्यावे. मोगरा किंवा जास्वंद लावायची असेल, तर वृंदावनाचा विचारच करू नये.

यांच्या मधला एक पर्याय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. धारावीच्या कुंभारवाड्यात, मूळच्या सौराष्ट्रातल्या कुंभार कुटुंबांकडे, चाकावर ओढलेली गोल कुंडी घ्यावी आणि तिच्या काठाखाली वृंदावनाच्या पाकळ्यांचा उथळ पट्टा मागणीनुसार करून घ्यावा. कुंडी ओलसर असतानाच हा पट्टा पातळ मातीच्या लईने चिकटवला, तर तो तिच्यासोबतच सुकतो आणि निखळत नाही. नक्षी उथळ असल्याने पाणी साचत नाही, आणि भांडे सच्छिद्र असल्याने मुळांना हवा मिळते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तेवढे दोन वेळा घालावे लागते.

निवड कोणतीही असो, कुंडी उचलून बोटाने वाजवावी. खणखणीत नाद आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर ती कच्ची तरी आहे किंवा तिला चीर तरी आहे. आतून हात फिरवल्यावर बोटांच्या वळ्या लागल्या तर ती चाकावरची, आणि उभा सांधा लागला तर साच्यातली. साच्यातली म्हणजे वाईट असे नाही, पण हातकामाचा दर मग देऊ नये. बाहेरून लाल रंग फासलेला असेल, तर आतली खापर कशी भाजली आहे हे बुडाशी पाहूनच पैसे मोजावेत.