टेक्सास ब्राऊन टॅरंटुला: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैत काकवी घरी आली. पाय पसरले तर जेमतेम ७ सेंटिमीटर. ती टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. जात टेक्सास ब्राऊन, शास्त्रीय नाव ॲफोनोपेल्मा हेंट्झी. आम्ही टेक्सासात ऑस्टिनजवळ राहतो, म्हणजे ती याच मातीतली. ४० डॉलरला घेतली. पाठीचं कवच काकवीच्या रंगाचं, म्हणून नाव काकवी.

टॅरंटुला पाळणाऱ्यांमध्ये या जातीचं नाव फारसं कुणी घेत नाही. ती तपकिरी आहे, सावकाश वाढते आणि जवळच्याच माळावर सापडते, एवढंच कारण. सगळ्यांना निळी हवी असते. पैसे साठवून लोक पोइसिलोथेरिया मेटॅलिका घेतात. ती आंध्रातल्या जंगलातली, आज नामशेष होण्याच्या काठावर असलेली, आणि अंगाने विजेसारखी चपळ. पहिला टॅरंटुला म्हणून ती घेऊच नये. मलाही आधी तीच हवी होती. आज मनापासून वाटतं, बरं झालं मी तपकिरी घेतली.

पहिला महिना मात्र वाईट गेला. दुकानदाराने बरोबर गरम दिवा आणि पाण्याच्या वाटीत ठेवायला स्पंज दिला होता, वर माती रोज ओली ठेवायला सांगितलं होतं. काकवी मातीवर पाय टेकवेना, दिवसदिवस काचेला चिकटून असायची. ती तिथून पडेल या भीतीने मला झोप लागायची नाही, कारण एवढ्याशा उंचीवरून पडूनही यांचं पोट फुटू शकतं. शेवटी दिवा काढला, स्पंज फेकला आणि बागेतली खत-औषध न घातलेली माती, कोकोपीट व थोडी वाळू मिसळून १२ सेंटिमीटरचा कोरडा, दाबलेला थर दिला. वर मोकळी जागा मुद्दाम कमी ठेवली. कोपऱ्यात झाडाच्या सालीचा तुकडा अर्धवट पुरला आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची उथळ वाटी ठेवली. तिसऱ्या रात्री ती खाली उतरली आणि सालीखाली बीळ खणायला लागली. तोंडापुढे मातीचा गोळा धरून बाहेर यायची, तो वाटीत टाकायची, परत आत. सकाळी वाटीत पाण्याऐवजी माती! हे अजून चालू आहे आणि वाटी रोज धुवावी लागते. माणसाला वावरायला बरी वाटेल ती उष्णता तिला पुरते, वेगळं काही लागत नाही.

खाणं दहा दिवसांतून एक रातकिडा. नोव्हेंबरात तिने बिळाचं तोंड माती आणि जाळ्याने बंद केलं. अकरा आठवडे काहीही दिसलं नाही. उकरून बघायचा मोह रोज व्हायचा. आई तेव्हा नाशिकहून आली होती. सुरुवातीला त्या खोलीत पाऊल न टाकणारी आई दोन महिन्यांनी सकाळी चहाच्या आधी विचारायची, "अगं, उठली का ती?" फेब्रुवारीत एका संध्याकाळी मातीला भोक पडलं आणि त्यातून दोन पाय बाहेर आले. आईनेच मला हाक मारली.

जूनमध्ये कात टाकली. आधी महिनाभर खाणं बंद होतं, पोटावर केस झडलेला भाग काळपट, चकचकीत झाला होता. मग एके दिवशी जाळ्याची चटई विणून ती चक्क उताणी पडली. नवख्या माणसाला वाटतं मेली. हात लावू नका, पाणी फवारू नका, पेटीतला जिवंत रातकिडा आधीच काढून ठेवा. तासाभराने पाठीचं कवच डबीच्या झाकणासारखं उचकटलं, मग आठही पाय हातमोज्यातून बोटं काढावीत तसे इंचाइंचाने बाहेर आले. नवे सुळे पांढरे, मऊ होते. पुढे ते लालसर झाले, मग काळे. काळे झाल्यावरच खायला दिलं, त्याला दहा दिवस लागले. टाकलेली कात साबणाच्या पाण्यात मऊ करून उजेडात बघितली आणि पोटाच्या आतल्या बाजूची घडी दिसली: मादी. या जातीची मादी वीस वर्षांहून जास्त जगते, नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाही. दर सप्टेंबर-ऑक्टोबरात कोलोरॅडोत ला हुंटाच्या माळरानावर हेच नर माद्यांच्या शोधात रस्ते ओलांडताना दिसतात आणि लोक लांबून ते बघायला जातात.

काकवीने मला आजवर चावायचा प्रयत्न केलेला नाही. पण तिला हातावर घेऊ नका. पेटी साफ करताना एकदा तिने मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवले, मनगटाला दोन दिवस खाज होती. डोळ्यात गेले असते तर डॉक्टर गाठावा लागला असता. आता लांब चिमटा आणि चष्मा.

ज्यांना रोज काहीतरी घडलेलं हवं, त्यांनी ही घेऊ नये. मला तिचं थांबणं आवडतं. जंगलात यांच्या बिळात कधीकधी छोटे बेडूकही राहतात आणि ही त्यांना खात नाही. त्या आकाराचं दुसरं काहीही ती सोडणार नाही, पण त्यांना सोडते.

घेताना एक प्रश्न नक्की विचारा: पेटीत जन्मलेली आहे की माळावरून उचललेली? ही इथे सहज सापडते, त्यामुळे पकडून विकणारे बरेच आहेत, आणि मोठी मादी उचलली की वर्षानुवर्षं पिल्लं देणारं एक बीळ रिकामं होतं. पेटीत जन्मलेलं पिल्लू मोठं व्हायला वर्षं लागतात, ती लागू द्या. आणि भारतातल्या मित्रांनो, सह्याद्रीत दिसलेला टॅरंटुला घरी आणू नका. पोइसिलोथेरियाच्या (वरची निळी याच गटातली) सगळ्या जाती २०१९पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. पावसाळ्यात टॉर्च घेऊन झाडाच्या ढोलीपाशी शांत उभं राहा, तिथेच बघायला मिळेल.