गेमचा कन्सोल डिस्कवाला घ्यावा की बिनडिस्कचा?

"आत तर सगळं तेच आहे ना हो?" माझ्या दुकानाच्या काउंटरवर, दोन्ही कन्सोल शेजारी ठेवले की, हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतोच, आणि त्याचं उत्तर "हो" असंच आहे. सोनीचा प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला तोच दोन रूपांत. एकाला डिस्क ड्राइव्ह, म्हणजे डिस्क सरकवायची फट, दुसऱ्याला नाही. खेळताना दोघांत फरक दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं थोडं निराळं आहे. सिरीज एसला ड्राइव्ह नाही, पण ताकदही सिरीज एक्सपेक्षा कमी आहे, त्यामुळे तिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. मी इथे ताकद सारखी धरून फक्त त्या फटीबद्दल बोलतोय.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. बिनडिस्कचा कन्सोल नेलेलं गिऱ्हाईक डिजिटल गेम, म्हणजे नेटवरून विकत घेऊन उतरवलेले, खेळतं, आणि गेमसाठी पुन्हा दुकानात फिरकत नाही. तेव्हा माझं मत ऐकताना त्यातून थोडं वजा करायला हरकत नाही. गंमत म्हणजे बरीच वर्षं मी बिनडिस्कचाच कन्सोल जास्त भर देऊन विकला, आणि घरीही तोच वापरला.

त्याची बाजू लंगडी नाहीच. उठावं लागत नाही, हे कारण ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण रात्री अकराला अंगावर पांघरूण घेऊन बसलेल्या माणसाला विचारा. डिस्कच्या गेमचा बहुतेक सगळा मजकूर कन्सोलच्या आतल्या एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या जागेत, उतरलेला असतो, तरी दर वेळी डिस्क आत हवीच. ती नुसती पुरावा म्हणून फिरते, आणि शांत प्रसंगात तिची घरघर ऐकू येते. रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या गेमच्या तर दोन डिस्क: एक उतरवून घ्यायची, दुसरी खेळायची. लहान मुलं असतील तर ओरखडे आणि रिकाम्या डब्या आल्याच. दुरुस्तीला आलेल्या एका ड्राइव्हमधून एकावर एक ढकललेल्या दोन डिस्क निघाल्याचं मी स्वतः पाहिलंय.

पण मी बिनडिस्कची जी गोष्ट सगळ्यात जास्त गाऊन विकायचो, ती वेगळीच होती. घरात दोन कन्सोल असतील तर एकच गेम विकत घ्यायचा आणि दोघांनी एकाच वेळी खेळायचा. त्यासाठी ज्या ऑनलाइन खात्यावर गेम घेतला, त्या खात्याचा मुख्य कन्सोल म्हणून एक कन्सोल नोंदवायचा. त्यावर घरातलं कुणीही खेळू शकतं. दुसऱ्या कन्सोलवर मालक आपल्या खात्याने आत शिरतो. डिस्कने हे जमत नाही. एक डिस्क एका वेळी एकाच डब्यात. मी घरी अगदी हेच केलं होतं. मुलीच्या खोलीतला मुख्य, बैठकीतला माझा.

आणि एका सुटीच्या दिवशी याच सोयीने माझा पचका केला. राउटरचा दिवा सकाळपासून लाल. म्हटलं बरं झालं, आज एकट्याचा निवांत गेम, ऑनलाइनचं काही कामच नाही. कन्सोल लावला तर एकूण एक गेमच्या चित्रावर छोटं कुलूप. गेम आत उतरलेला, माझ्यापासून हातभर अंतरावर, साठ-सत्तर जीबी जागा अडवून बसलेला. पण तो माझा आहे की नाही, हे सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडणार नाही. मी मुलीच्या खोलीत गेलो. ती तोच गेम मजेत खेळत होती. मुख्य कन्सोल ना, त्याला नेट लागत नाही. "बाबा, माझं तर चालतंय," असं तिने मान वर न करता सांगितलं. ज्याने पैसे मोजले तो बाहेर, आणि ज्याच्याशी वाटून घेतला तो आत!

आता न्यायाने बोलायचं तर इलाज दोन मिनिटांचा होता. फोनचा हॉटस्पॉट लावला, कुलपं गेली. किंवा आधीच माझा कन्सोल मुख्य म्हणून नोंदवला असता, म्हणजे कुलूप मुलीकडे गेलं असतं. घरात एकच कन्सोल असेल आणि तोच मुख्य असेल, तर तुम्हाला हे कुलूप बहुधा कधी दिसणारही नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी पक्ष बदलणं कुणाला पोरकटपणा वाटेल. पण मी आयुष्यभर वस्तू विकल्यात. मिक्सर विकला की मिक्सर गेला. तो चालवायला गिऱ्हाइकाला माझी परवानगी लागत नाही. त्या संध्याकाळी हॉटस्पॉट लावताना मला जे खटकलं, ते नंतर काही केल्या मनातून गेलं नाही. पुढचा कन्सोल मी ड्राइव्हवाला घेतला.

कॅलिफोर्नियात २०२५ च्या सुरुवातीपासून कायदाच आहे: डिजिटल वस्तू 'विकत घ्या' म्हणून विकायची, तर आपण परवाना घेतोय हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. मला ते दिवसभर काउंटरवर उभं राहून कळलं नव्हतं, कुलपाने कळलं.

डिस्कवाल्यांनी मात्र फार छाती फुगवू नये. डिस्क हाताशी आहे म्हणून गेम कायमचा तुमचा, असं आता राहिलेलं नाही. द क्रू या २०१४ च्या, नेटशिवाय न चालणाऱ्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि त्याची डिस्क कपाटात असणारे आणि नसणारे सगळे एका रांगेत आले. निन्टेंडो स्विच २ या कन्सोलला डिस्कऐवजी छोटं कार्ड लागतं, आणि काही गेमच्या कार्डात तर गेमच नसतो, नुसती किल्ली असते. गेम नेटवरूनच उतरवायचा. डबीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. (निन्टेंडोच्या कार्डांना मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू पदार्थाचा थर असतो. दुकानातल्या आम्हा सगळ्यांनी एकेकदा चाटून पाहिलंय. खरंच कडू आहे.)

बाकीचे मुद्दे पटकन. नावडलेली डिस्क विकता येते, मित्राला देता येते, डिजिटल गेम तुमच्याच गळ्यात राहतो. प्लेस्टेशन ४ च्या जुन्या डिस्क असतील तर बिनडिस्कच्या ५ मध्ये त्या घालायला जागाच नाही. हे घरी गेल्यावर लक्षात आलेली माणसं दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने परत येतात. सिनेमाच्या ब्लू-रे बघणार असाल तर प्रश्नच मिटला. उलट तुम्ही वर्षभर एकच ऑनलाइन गेम खेळणारे असाल, किंवा दरमहा वर्गणी भरून मिळेल ते खेळणारे, तर ड्राइव्ह धूळ खात पडेल. अशांना मी आजही खुशाल बिनडिस्कचा देतो.

ज्यांचं ठरत नाही, त्यांना एवढंच विचारतो: डिस्कवाल्या कन्सोलवर डिजिटल गेम चालतात, बिनडिस्कवाल्यावर डिस्क चालते का? मी स्वतः छोटे गेम डिजिटलच घेतो, त्यासाठी कोण उठबस करणार. मोठे, एकट्याने खेळायचे गेम डिस्कवर. मुलीला यातलं काही पटलेलं नाही. आता एकच डिस्क दोघांत फिरते आणि ती नेहमी दुसऱ्याच्या कन्सोलमध्ये असते.

मधला मार्गही आहे. २०२३ च्या शेवटी आलेल्या बारीक प्लेस्टेशन ५ ला, आणि २०२४ च्या जास्त ताकदीच्या प्लेस्टेशन ५ प्रोलाही, ड्राइव्ह मागाहून वेगळा घेऊन जोडता येतो. आज बिनडिस्कचा घ्या, कुलूप दिसलं की ड्राइव्ह घ्या, असं मी हल्ली सांगतो. फक्त तो जोडताना कन्सोलशी ओळख पटवायला एकदा नेट लागतं. तेव्हा राउटरचा दिवा हिरवा असताना जोडा.