जुनी मूल्यसारणी की नवे सर्वेक्षण?

ईक्यू-५डी ही हालचाल, स्वतःची काळजी, रोजची कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य यांविषयी विचारून आरोग्य मोजणारी प्रश्नावली आहे. तिच्यातील आरोग्यस्थितींचे मूल्य सामान्य लोकांच्या पसंतीवरून ठरते. ब्रिटनमध्ये १९९३ साली सुमारे ३,००० जणांच्या मुलाखतींतून तयार झालेली मूल्यसारणी, म्हणजे प्रत्येक आरोग्यस्थितीच्या मूल्याची यादी, पुढे अनेक वर्षे वापरात राहिली. जुनी सारणी कायम ठेवल्यास आधीचे आणि आताचे उपचार एकाच मापाने तोलता येतात. परंतु समाजाचे वय वाढते, उपचार सुधारतात, नैराश्याविषयी मोकळेपणाने बोलले जाते, तसे वेदना किंवा चिंता यांना लोक देत असलेले वजनही बदलू शकते. हा बदल नवे सर्वेक्षणच टिपू शकेल. मात्र त्यात एक मेख आहे: मधल्या काळात प्रश्नावलीच बदलून प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराच्या पातळ्या ३ वरून ५ झाल्या असल्यामुळे, आकड्यांतला फरक मतांतला की मोजपट्टीतला, हे सांगणे अवघड होते. म्हणून नवे सर्वेक्षण घ्यावेच, पण त्यातील काहींना जुनीच प्रश्नावली, जुन्याच पद्धतीने विचारावी.