कॅन्सर डॉट गव्ह: रिपोर्ट हातात घेऊनच उघडावी अशी साइट

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची ही साइट फुकट आहे. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. खरा माल आहे तो 'पीडीक्यू' नावाच्या सारांशांत. बहुतेक कॅन्सरसाठी एक सारांश पेशंटसाठी, एक डॉक्टरांसाठी. आधी पेशंटचा वाचावा, अडलं तर डॉक्टरांचा उघडावा. तिथे कुठलं विधान कुठल्या अभ्यासावरून केलंय तेही दिलेलं असतं. पान शेवटचं कधी सुधारलं, ती तारीख आधी बघायची.

नुसतं 'ब्रेस्ट कॅन्सर' टाकून सर्चला बसलात तर पानांच्या ढिगात हरवाल. बायोप्सीच्या रिपोर्टमधले शब्द टाका: प्रकार, ग्रेड, ईआर आणि पीआर (हॉर्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन). हर-टू '२+' असेल तर ते ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह. फिशसारख्या (जनुक तपासणाऱ्या) पुढच्या चाचणीचा निकाल येईपर्यंत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाची पानं वाचून डोकं शिणवू नये. स्टेजमधली बारकी अक्षरंही अर्थाची आहेत: 'सी' म्हणजे तपासणी आणि स्कॅनवरून, 'पी' म्हणजे ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीवरून, 'वाय' म्हणजे आधी किमोसारखे उपचार होऊन गेल्यावर.

घोटाळा होतो तो आकड्यांत. पाच वर्षांच्या सर्व्हायवलचे आकडे अमेरिकेतल्या, काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या पेशंटचे असतात. त्यात बहुतेकदा स्टेज १ ते ४ नसतातच. लोकलाइज्ड (मूळ अवयवापुरता), रीजनल (आसपास पसरलेला), डिस्टंट (दूरच्या अवयवांत गेलेला) असे गट असतात. स्टेज ३ शोधणारा माणूस 'डिस्टंट'ची ओळ वाचतो आणि रात्रभर जागतो! सुरुवातीला तो भाग सरळ सोडावा.

व्हॉट्सॲपवर कॅन्सरचा इलाज म्हणून फिरणाऱ्या 'बी १७' आणि जर्दाळूच्या बियांवर मात्र इथे चोख उत्तर मिळतं: लेट्राइलचं (म्हणजे याच 'बी १७'चं) पान काढा, सायनाइडच्या विषबाधेचं सगळं लिहिलंय. हळद-अश्वगंधेच्या गोळ्यांसाठी मेमोरियल स्लोन केटरिंग या अमेरिकेतल्या कॅन्सर हॉस्पिटलचं 'अबाउट हर्ब्स' जास्त सोयीचं. भाजीतली हळद वेगळी, हळदीतल्या कर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. ती चालू असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला सांगायलाच हवं.

उणी बाजू म्हणजे साइट इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहे, मराठीत नाही. आपल्याकडचे दर, योजना, औषधांची उपलब्धता यांतलं काहीच नाही. भारतातली उपचारपद्धत बघायची तर नॅशनल कॅन्सर ग्रिड या इथल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या मार्गदर्शिका आहेत, पण त्या डॉक्टरांसाठी लिहिलेल्या. नव्या उपचाराची ट्रायल शोधायची असेल तर सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही उघडा, भारतातलं रिक्रूटमेंट स्टेटस बघा, मगच यादीत आपलं शहर शोधा. बंद झालेल्या ट्रायलच्या नोंदीही तिथे तशाच राहतात.