अळू की गेळा, चिरबोटी की आस्कंद? रानातलं फळ तोंडात टाकण्याआधी

सह्याद्रीत फिरताना झुडपावर फळ दिसलं की ते खायचं की नाही, यावर तीन ठरलेले सल्ले मिळतात. पक्षी खातात ना, मग खा. चीक निघाला तर टाकून दे. जरा चाखून बघ, कडू लागलं तर थुंक. तिन्ही कुचकामी आहेत. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं, तरी धनेश पक्षी त्याच्या फळाचा गर खुशाल खातो. चीक तर करवंदालाही येतो, आणि तो ओठाला चिकटल्याशिवाय करवंदं खाल्ल्यासारखं वाटत नाही. चवीचं म्हणाल तर मोगली एरंडाची बी चांगली खमंग लागते. म्हणूनच शाळकरी पोरं ती मूठभर खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन दवाखान्यात पोचतात. फळाच्या रंगावर आणि चवीवर न जाता पान, काटा, फळाचं टोक आणि आतली बी बघायची.

सगळ्यात फसवी जोडी अळू आणि गेळ्याची. (हा अळू फळाचा, भाजीचा नव्हे.) दोन्ही एकाच कुळातली काटेरी झाडं, दोन्हींची फळं साधारण लिंबाएवढी, कच्ची असताना हिरवी. पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो. फळ हातात घेऊन आधी देठाच्या उलट्या बाजूचं टोक बघा. पेरूला बुडाशी असतो तसा उभा मुकुट गेळ्याला असतो, फळ पिकलं तरी तो राहतो. अळूच्या टोकाला फक्त बारीकशी वळी असते. पानं पाहिलीत तर गेळ्याची लहान, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती, आखूड फांद्यांवर झुपक्यानं आलेली. अळूची मोठी, टोकदार, समोरासमोर. तरीही शंका असेल तर फळ फोडा. अळूत चार-पाच टणक आठळ्या निघतात, गेळ्यात बुळबुळीत गरात रुतलेल्या पुष्कळ बारीक चपट्या बिया. पिकलेला अळू तपकिरी आणि मऊ होतो, गेळा पिवळट. आठळ्या मोजायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढाच.

चुकून गेळा खाल्ला तर? आयुर्वेदात वमनासाठी, म्हणजे उलटी करवण्यासाठी वापरतात ते मदनफळ म्हणजे हेच, त्यामुळे काय होईल ते वेगळं सांगायला नको. गेळ्याची फळं ठेचून पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची पद्धतही जुनी आहे. अळूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: तो बहुधा कच्चा उतरवून अढीत पिकवतात. बाजारात बसलेल्या मावशींकडून घेतला तर ओळखीचा प्रश्नच मिटतो, आणि नवख्यानं तेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चिरबोटी आणि आस्कंद ही दुसरी जोडी. दोन्हींची फळं कागदी आवरणात दडलेली. चिरबोटी पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवते. तिचं फळ एकेकटं, लोंबतं, आवरण सैल आणि फुगीर. आतलं फळ पिकल्यावर पिवळसर होतं आणि बहुतेकदा आवरणासकट खाली गळतं. तेच वेचून खायचं, झाडावरचं हिरवं नाही. आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा, कोरड्या मुलखातली. सगळ्या झाडावर राखाडी लव, फळं पानांच्या बेचक्यात गुच्छानं, आणि आवरण सोललं की आत लालभडक मणी. अश्वगंधेचं मूळ औषधी म्हणून लोक फळही खायला धजावतात. तसं करू नका. आत लाल दिसलं की सोडून द्यायचं.

करवंदाचा गोंधळ त्या मानानं कमी. सर्पगंधेची पिकलेली फळंही काळी-जांभळी आणि चकचकीत असतात, कूळही करवंदाचंच, पण सर्पगंधा हे बिनकाट्याचं छोटं झाड. पानं तीन-तीनच्या फेऱ्यात, फळं बहुधा जोडीनं चिकटलेली. करवंदाच्या जाळीत हात घातला आणि ओरखडा आला नाही, असं होत नाही. जाड, तकतकीत, समोरासमोरची पानं आणि टोकाला बरेचदा दुभंगलेले काटे ही तिची खूण.

कामोणीला फसवं भावंड शोधायची गरज नाही, तिची कच्ची फळंच घातक. एकाच घोसात हिरवी आणि काळी फळं शेजारी असतात. पूर्ण काळी, मऊ झालेली तेवढीच घ्यायची. घाणेरीचंही तसंच, हिरवी फळं विषारी. पिकलेली काळी फळं पोरं खातात हे खरं, पण मी ती कुणाला सुचवणार नाही. चव यथातथाच, आणि लहान मूल निवडून खाईल याचा भरवसा नाही.

मुलं बरोबर असतील तर करवंदं आणि ओळख पटलेली बोरं एवढ्यावर थांबावं. अळू द्यायचाच तर फोडून बघितल्यावर. चिरबोटी, कामोणी जाणत्या माणसानं स्वतः वेचून दिली तरच.

काही भलतंच पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या फंदात पडू नका. तोंडातलं उरलेलं काढा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना पानं-फळांसकट एक फांदी पिशवीत घ्या. ‘काळं काळं काहीतरी खाल्लं’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, फांदी पाहून येतं.