नो कंट्री फॉर ओल्ड मेन: शेवट गंडलाय की भारीये?

कोएन बंधूंच्या या २००७ च्या पिक्चरवरून कायम दोन पार्ट्या पडतात (पुढे स्पॉयलर आहेत हां). एक म्हणते, दोन तास ज्या मॉसच्या (सापडलेले ड्रगवाल्यांचे पैसे घेऊन पळणारा हिरो) मागे पळवलं त्याचा मर्डरच दाखवत नाहीत, वर शेरीफ आपली स्वप्नं सांगत बसतो नि खेळ खल्लास, पैसे वाया! दुसरी म्हणते तेच तर भारीये, बॅकग्राउंड म्युझिक जवळपास नाहीच, त्यामुळे पेट्रोल पंपावरचा नाणेफेकीचा सीन (खुनी शिगुर नाणं उडवून समोरच्याचा जीव घ्यायचा की नाही ते ठरवतो, तो) रक्ताचा थेंब न सांडता घाम फोडतो. मी दुसऱ्या पार्टीत. ज्यावरून पिक्चर बनला ती कॉरमॅक मॅकार्थीची कादंबरी वाचलेल्यांचं भांडण अजून वेगळं, पुस्तकात मॉसची बायको कार्ला जीन शेवटी शिगुरने नाणं उडवल्यावर छापा-काटा सांगते, पिक्चरमध्ये सरळ नकार देते, आणि मला तरी पिक्चरचंच पटलं, शिगुरचा नशिबाचा बहाणा तिच्यापुढे चालतच नाही.